शेहेचाळीस गाठींचे पेढे

इंदुताईंचं पोट वाढायला लागलं तेव्हा गुणवंतराव नाकतोड्यांनी निदान केलं की हा गॅस आहे. गुणवंतराव काही डॉक्टर नव्हते. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात बॉयलर दुरुस्तीवर तेहतीस वर्षं काढून ते फोरमन म्हणून निवृत्त झाले होते आणि ब्रह्मपुरीत घर बांधून राहिले होते. पण फोरमन माणसाला मत नाही असा विषय जगात नसतो. त्यांनी बायकोला ओवा खाऊ घातला, हिंगाचं पाणी पाजलं, सकाळी कॉलेजच्या मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. तीन महिन्यांत त्यांचं स्वतःचं वजन दोन किलोनं उतरलं, आणि इंदुताईंचं पोट असं तटतटलं की साडीच्या निऱ्या खोचायला जागा उरेना. शेवटी शेजारची बाई "काय वो, या वयात?" असं हसत विचारून गेली, तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या इंदुताई कोणाला न विचारता उठल्या आणि सोनोग्राफी करून आल्या.

अंडाशयाचा कॅन्सर निघाला. पोटात पसरलेला, सोबत पाणी साचलेलं.

गुणवंतराव दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी "मले पहिलेपासून डाऊट होता" असं जाहीर केलं आणि कारभार हाती घेतला.

नागपूरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात नाव नोंदलं. आधी तीन किमो झाल्या. इंदुताईंचे केस गेले, तोंडाची चव गेली, पण पाणी आटलं आणि पोट खाली बसलं. आता ऑपरेशन करायचं आणि मग राहिलेल्या तीन किमो द्यायच्या, असं डॉक्टरनं सांगितलं. डॉक्टरचं नाव मोनाली उसेंडी. पस्तिशी ओलांडलेली, बारीक चणीची बाई. बोलताना रुग्णाकडे पाहायची, नातेवाइकांकडे नाही. गुणवंतरावांना हे पहिल्या दिवसापासून खटकत होतं.

"उसेंडी म्हणजे तिकडचेच ना? जंगलातले?" त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"हो काका. कुरखेड्याच्या पुढं आमचं गाव आहे."

इंदुताईंचं माहेर कुरखेड्याचं. त्यांनी गावाचं नाव विचारलं, डॉक्टरनं सांगितलं, मग बाजाराच्या दिवशी चारोळी घेऊन कोण कोण यायचं यावर दोघींचं पाच मिनिटं बोलणं झालं. गुणवंतराव हातात फाइल धरून उभे राहिले.

परतीच्या बसमध्ये ते म्हणाले, "कोट्यातली दिसते."

भिवापूर गेलं तेव्हा इंदुताई म्हणाल्या, "आपला पोरगा आदेश कोण्या कोट्यातून लागला होता इंजिनिअरिंगले?"

"ओबीसीचं वेगळं असते," असं म्हणून गुणवंतराव नागभीड येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.

गाठींचा विषय निघाला तो मुखरू वाढईमुळे. मुखरू ऊर्जानगरला क्रेन ऑपरेटर होता, गुणवंतरावांच्या हाताखाली. त्याची बायको चंचलबाई आठ वर्षांपूर्वी याच दुखण्यातून निघाली होती. म्हणून गुणवंतरावांनी त्याला फोन लावला, आणि ऐकू कमी येत असल्यामुळे स्पीकर चालू ठेवला. इंदुताई बाजूलाच मेथी निवडत होत्या.

"किती काढून राह्यले?" मुखरूनं विचारलं.

"काय किती?"

"गाठी, साहेब. पोटातल्या गाठी. आमच्या हिच्या शेचाळीस काढल्या. नागपूरचे डॉक्टर स्वतः म्हणे, मुखरूभाऊ, असं ऑपरेशन सालातून एखादंच होते."

गुणवंतरावांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. वर्षानुवर्षं ज्याची सुट्टी त्यांनी मंजूर केली, त्या माणसाजवळ शेहेचाळीसचा आकडा होता आणि त्यांच्याजवळ आकडाच नव्हता.

पुढच्या तारखेला ते दवाखान्यात गेले आणि खुर्चीवर बसायच्या आत विचारलं, "मॅडम, आमच्या किती गाठी काढणार?"

डॉक्टरनं इंदुताईंकडे पाहिलं. "मावशी, पायाला काटा रुतून पिकला की जांघेत अवधान येतं ना, गाठ फुगून?"

"येते."

"तीच ही गाठ. सगळ्यांच्या अंगात असते. जांघेत, काखेत, तशीच पोटात मोठ्या रक्तनळ्यांच्या बाजूनं माळ असते. अंगातलं पाणी गाळणं हे तिचं काम. कॅन्सर कधी कधी तिथं जातो. म्हणून आधी आम्ही सगळी माळच काढायचो. मी पण शिकताना पुष्कळ काढल्या. तेव्हा तसंच शिकवत."

"मंग आता?" गुणवंतरावांनी विचारलं.

"आता मोठे अभ्यास झाले, काका. मावशींसारखं दुखणं असलेल्या शेकडो बाया. अर्ध्यांच्या चांगल्या दिसणाऱ्या गाठी काढल्या, अर्ध्यांच्या राहू दिल्या. जगण्यात काही फरक पडला नाही. काढल्या त्यांना त्रास मात्र जास्त झाला. रक्त जास्त गेलं, काहींच्या पोटात पाणी साचलं, काहींचे पाय सुजले. म्हणून मी पोट उघडलं की हातानं चाचपून पाहीन. फुगलेली, कडक लागली ती काढीन. मऊ असली तर तिला हात लावणार नाही."

"म्हणजे अर्धवट."

"नाही. कॅन्सर जेवढा दिसेल तेवढा सगळा काढणार. त्यात कसूर नाही. चांगलं आहे ते ठेवणार."

"मॅडम, आमी बॉयलर उघडला ना, तं पूर्ण ट्यूबा बदलवायचो. एकदा शटडाऊन घेतला का घेतला."

"चांगल्या पण बदलायचात?"

"सगळ्या," गुणवंतराव ठामपणे म्हणाले.

इंदुताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ठेकेदार चांगल्या ट्यूबा उगाच बदलतो आणि मग नव्या जोडावरच गळती लागते, म्हणून हाच माणूस वर्षानुवर्षं घरी येऊन पानावर बसल्या बसल्या ठेकेदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असे. पण डॉक्टरसमोर नवऱ्याला उघडं पाडावं असं त्यांना वाटलं नाही. त्यांनी पदर सारखा केला.

त्या रविवारी घरी बैठक बसली. इंदुताईंचा धाकटा भाऊ प्रफुल कुरखेड्याहून आला. त्याचं तिथे औषधांचं दुकान होतं, त्यामुळे घराण्यात त्याला जवळजवळ डॉक्टरच समजत. आदेश पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आला. टेबलावर वरणाच्या पातेल्याला टेकवून फोन उभा केला, म्हणून त्याचा चेहरा अधूनमधून वाफेनं धूसर होत होता.

"बाबा, मी तीन व्हिडिओ पाहिले," आदेश म्हणाला. "एक डॉक्टर म्हणतो काढाव्या, एक म्हणतो काढू नये."

"तिसरा?"

"तो आयुर्वेदाचा होता."

प्रफुल म्हणाला, "भाऊजी, जे आपल्याले लागत नाई थे बाहेर काढलेलं बरं. माझ्या दुकानात एक्सपायरीचा माल मी एक दिवस ठेवत नाई."

"माझ्या गाठी एक्सपायर झाल्या का रे?" इंदुताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"ताई, तू नको टेन्शन घेऊ. आमी हाव ना."

दोन तास चर्चा झाली. त्यात डॉक्टर उसेंडीला हे ऑपरेशन जमत नसावं, म्हणूनच ती नाही म्हणते, असा निष्कर्ष निघाला. गुणवंतराव तर म्हणाले, "काढता येत नाई म्हून काढत नाई. सीधी गोष्ट हाये." नागपूरच्या एका बड्या खासगी हॉस्पिटलात जाऊन दुसरं मत घ्यायचं ठरलं. इंदुताईंनी चार पोळ्या जास्त लाटल्या. त्यांना कोणी काही विचारलं नाही, आणि सगळे जेवून उठले तेव्हा भाजी तेवढी सगळ्यांना आवडली होती.

खासगी हॉस्पिटलात खालपासून वरपर्यंत काच होती. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना सगळे फक्त 'सर' म्हणत, नाव कोणी घेत नव्हतं, देवळात घेत नाहीत तसं. सरांनी फाइल चाळली आणि एकच वाक्य बोलले, "आम्ही मागे काही ठेवत नाही."

गुणवंतरावांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

सरांनी भिंतीवरच्या पडद्यावर एक तक्ता दाखवला. दर वर्षीचे उभे खांब होते आणि ते चढत गेलेले होते. "एका ऑपरेशनमध्ये आम्ही सरासरी बावन्न ग्रंथी काढतो. मध्य भारतात हा आकडा कोणाकडे नाही."

"बावन्न," गुणवंतराव पुटपुटले. शेहेचाळीसवर सहा जास्त. इंदुताईंनी लग्नाच्या सदतीस वर्षांत नवऱ्याला एवढं सुखावलेलं दोनदाच पाहिलं होतं, एकदा मुलगा झाला तेव्हा आणि एकदा फोरमनची ऑर्डर निघाली तेव्हा.

"त्यातल्या खराब किती निघतात?" इंदुताईंनी विचारलं.

सर गुणवंतरावांकडे पाहून म्हणाले, "काकूंना सांगा, टेन्शन घ्यायचं नाही."

"टेन्शन नाई घेऊन राह्यली मी. इचारून राह्यली."

"ते पॅथॉलॉजीचं काम आहे," सर म्हणाले आणि घड्याळाकडे पाहिलं. बाहेरच्या मुलीनं तारीखही देऊन टाकली, पुढच्याच्या पुढचा बुधवार.

घरी आल्यावर इंदुताईंनी चंद्रपूरला राहणाऱ्या पुनमला, आपल्या भाचीला, फोन केला. दुसऱ्या दिवशी "पुनमकडे जाऊन येते" एवढंच सांगून, डोक्याला रुमाल बांधून त्या बसमध्ये बसल्या. चंद्रपूरला पुनम स्टँडवर उभी होती. तिथून दोघी ऑटोनं मुखरू वाढईच्या घरी गेल्या. मुखरू घरी नव्हता. त्या हिशेबानंच इंदुताईंनी वेळ साधली होती. पेन्शनरांची मंडळी त्या वेळेला वीज केंद्राच्या गेटजवळच्या टपरीवर बसते हे त्यांना पक्कं माहीत होतं.

चंचलबाई दिवाणावर बसून सुपात लाखोळीची डाळ निवडत होत्या. डावा पाय लांब केलेला, खाली दोन उशा. उजवा पाय माणसाचा होता. डावा पाय मांडीपासून पंज्यापर्यंत सारख्या जाडीचा, त्यावर चामड्याच्या रंगाचा घट्ट मोजा चढवलेला.

"पाहा, पाहा," चंचलबाई म्हणाल्या. "सगळेच पाहतात."

"हत्तीपाय होय का, मावशी?" पुनमनं भीतभीत विचारलं.

"सरकारी लोक हत्तीरोगाच्या गोळ्या वाटत येतात ना, तं गल्लीत पहिले माझंच दार वाजवतात. सांगून सांगून थकली मी का बाप्पा, हा डासाचा नाई, डॉक्टरचा हाये."

इंदुताई चंचलबाईंच्या जवळ सरकून बसल्या. "चंचलबाई, खरं सांगा मले. गाठी काढल्या त्याचंच हे?"

"त्याचंच. सहा महिन्यांनी सूज चढली ते उतरलीच नाई. दिवसभर हा मोजा. झोपताना पट्ट्या. पावसाळ्यात चिखल लागला का पाय लाल होते, थंडी वाजून ताप येते, मंग आठ दिवस सलाइन. धानाच्या रोवण्यात पाय नाई टाकला आठ वर्सं. नाव ठेवलं बापानं चंचल, आन मी इथी बसून हाव." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "सगळ्याइले होते असं नाई म्हणे. मले झालं."

"आन रिपोट काय आला होता?"

चंचलबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "थेच तं सांगायचं हाये. शेचाळीस काढल्या. पंधरा दिवसांनी रिपोट आला. शेचाळीसच्या शेचाळीस चांगल्या निघाल्या. यायनं क्वार्टरच्या पूर्ण लाइनीत पेढे वाटले."

"चांगल्या होत्या तं काढल्या कायले?"

"मी बी हेच इचारलं डॉक्टरले. तं म्हणे, काढल्याबिगर कसं समजन का चांगल्या हायेत म्हून."

इंदुताईंना हसू फुटलं. किमो सुरू झाल्यापासून त्या इतक्या हसल्या नव्हत्या. पोट धरून त्या दिवाणावर वाकल्या आणि चंचलबाईही हसायला लागल्या, तसा सुपाला धक्का लागून पसाभर डाळ सांडली. पुनम दोघींकडे पाहत राहिली.

हसू ओसरल्यावर इंदुताई हळूच म्हणाल्या, "पण आठ वर्सं झाले, तुमी जित्या हायेत. हे बी तं हाये."

"हाव ना. खोटं कायले बोलू. हे म्हणतात गाठी काढल्या म्हून वाचली. सिस्टर म्हणे किमोनं वाचली. सासू मरेपर्यंत सांगत होती का तिच्या नवसानं वाचली. मी कशानं वाचली थे मले नाई माहीत. पाय कशानं असा झाला, थे मात्र पक्कं माहीत हाये."

परतताना इंदुताईंनी बसमध्ये सगळ्या वाटेनं विचार केला. मूलला पोचेपर्यंत त्यांना भीती वाटत होती, सिंदेवाहीनंतर राग यायला लागला, आणि घरात शिरल्या तेव्हा त्यांचं ठरलं होतं.

"बुधवारी मी त्या काचेच्या हॉस्पिटलात येणार नाई," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन मोनाली मॅडमच करन. ते म्हणते तसंच करन."

"तुले काय समजते त्यातलं?"

"तुमाले जेवढं समजते तेवढं. फरक इतकाच हाये का पोट माझं हाये."

गुणवंतरावांनी प्रफुलला फोन केला, आदेशला केला, दोघांनीही ताईला, आईला समजावलं. इंदुताईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि दोघांनाही जेवलास का म्हणून विचारलं. गुणवंतराव तीन दिवस बोलले नाहीत. इंदुताईंना ते तीन दिवस बरे गेले.

ट्रस्टच्या दवाखान्यात भरती झाल्या त्या सकाळी नर्सनं संमतीपत्र आणून दिलं. गुणवंतरावांनी ते आपल्याकडे ओढून घेतलं आणि सगळं वाचलं. मग समासात, फोरमनच्या ठसठशीत अक्षरात, वरून खाली लिहिलं: 'सर्व गाठी (लहान-मोठ्या) काढून घ्याव्यात व मोजून ताब्यात द्याव्यात.' खाली तारीख आणि सही.

नर्सनं वाचलं. तिला काय करावं कळेना. तिनं कागद इंदुताईंपुढे धरला.

इंदुताईंनी चष्मा लावला, समास वाचला, पेन मागितला आणि त्या ओळीवर एक आडवी रेघ मारली. रेघ वाकडी आली म्हणून दुसरी मारली. मग खाली आपली सही केली, इंदू गुणवंत नाकतोडे, एकेक अक्षर सुटं.

"सातवी शिकली मी," त्या नर्सला म्हणाल्या. "सही येते मले."

ऑपरेशन साडेपाच तास चाललं. गुणवंतराव बाकावर बसून होते, आणि हे सांगायला हवं की त्या साडेपाच तासांत त्यांनी कोणालाही सल्ला दिला नाही. चहा आणला तो तसाच गार झाला. मोनाली मॅडम बाहेर आल्या तसे ते उठून त्यांच्यासमोर उभे राहिले.

"काका, दिसत होतं ते सगळं निघालं. गर्भपिशवी, दोन्ही अंडाशयं, आतड्यावरचा चरबीचा पडदा. मावशी बऱ्या आहेत. मोठ्या रक्तनळीजवळ एक गाठ कडक लागली, ती काढली. बाकीच्या मऊ होत्या."

गुणवंतरावांनी डोळे पुसले. मग घसा साफ करून विचारलं, "एक?"

"एक."

"एकच?"

डॉक्टरनं मान हलवली आणि कपडे बदलायला निघून गेली.

बाराव्या दिवशी रिपोर्ट आला. त्या एका गाठीत कॅन्सर निघाला. गुणवंतरावांना जे म्हणायचं होतं ते त्यांनी म्हटलं, आणि वॉर्डातल्या आठही खाटांना ऐकू जाईल असं म्हटलं. "पाहा. मी सांगतलं होतं का नाई? एक खराब निघाली, मंग बाकीच्या काय धुतल्या तांदळाच्या?"

इंदुताई भिंतीकडे तोंड करून पडल्या. टाके ओढत होते. आतापर्यंत हसण्यावारी नेलेली सगळी भीती त्या दुपारी त्यांच्या छातीवर येऊन बसली. आपण चुकलो का? बावन्न काढून घेतल्या असत्या, पाय सुजला असता तर सुजला असता, पण हा किडा तरी राहिला नसता. त्यांनी दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. पुनम वेणी घालायला आली, मग केस नाहीत हे आठवून नुसती उशाशी बसून राहिली.

संध्याकाळच्या राउंडला मोनाली मॅडम आल्या. इंदुताईंनी सरळ विचारलं, "मॅडम, राह्यलेल्या गाठीत असन का?"

डॉक्टर खाटेच्या कडेला बसली. "असू शकतं, मावशी. नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. डोळ्याला न दिसणारं थोडंफार पोटात दुसरीकडेही असू शकतं. त्यासाठीच तीन किमो बाकी आहेत. हे दुखणं परत आलं तर बहुतेक वेळा पोटातच येतं, आणि गाठी काढलेल्या बायांनाही येतं. त्या काढून तुमचं आयुष्य वाढेल असं दिसलं असतं, तर रात्र झाली तरी टेबलाशी उभी राहून मी काढल्या असत्या."

"म्हणजे खात्री नाई."

"खात्री नाही."

गेल्या आठ महिन्यांत ज्याला त्याला खात्री होती. नवऱ्याला गॅसची होती, भावाला एक्सपायरीची होती, सरांना बावन्नची होती. ज्या एका माणसानं हात घालून आत पाहिलं होतं, त्यालाच नव्हती. इंदुताईंना का कोण जाणे, जरा हलकं वाटलं. त्यांनी पुनमला ताट परत आणायला सांगितलं.

तिन्ही किमो झाल्या. उन्हाळ्यात प्रफुलच्या मुलाचं, अश्विनचं, कुरखेड्याला लग्न निघालं. गुणवंतरावांच्या बोलावण्यावरून मुखरू वाढईही आला होता, चंचलबाईंना त्यानं मांडवात खुर्चीवर बसवलं होतं. पंगत उठल्यावर पुरुषमाणसं पंख्याखाली जमली आणि बोलणं फिरत फिरत तिथेच आलं.

"मंग साहेब, तुमच्या किती निघाल्या?" मुखरूनं विचारलं.

गुणवंतरावांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "आकडा काई खास लक्षात नाई. चाळीस-पन्नासच्या मधात असन."

इंदुताई चंचलबाईंच्या खुर्चीजवळ उभ्या होत्या. डोक्यावर बोटभर नवे केस आले होते, कुरळे, आधी कधी नव्हते तसे.

"एक," त्या म्हणाल्या.

पंख्याखालची माणसं वळली.

"एक काढली, मुखरूभाऊ. थेच एक खराब होती. राह्यलेल्या माझ्याजवळ हायेत. यायले मोजून पाहिजे होत्या, मी नाई देल्ल्या."

चंचलबाई खळखळून हसल्या. मुखरूला नक्की कशावर हसावं ते कळलं नाही, म्हणून तो साहेबांकडे पाहून गंभीर राहिला. गुणवंतराव आइस्क्रीम कुठे वाटताहेत ते पाहायला गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. इंदुताई दर तीन महिन्यांनी नागपूरला जातात, रक्त तपासतात, डॉक्टर पोट दाबून पाहते. आतापर्यंत सगळं ठीक आलं आहे. पुढचं पुढं, असं डॉक्टर म्हणते आणि इंदुताईही तेच म्हणतात. या पावसाळ्यात बायांनी नको नको म्हटलं तरी त्यांनी शेतावर जाऊन चार ओळी धान रोवलं. संध्याकाळी कंबर धरली, पाय मात्र दोन्ही सारखे होते.

मागच्या खेपेला बाहेरच्या बाकावर धानोऱ्याकडचं एक जोडपं बसलं होतं, दसरू आणि मंगली. मंगलीचं ऑपरेशन आठवड्यावर आलं होतं. ती हातातल्या फाइलची दोरी बोटाला गुंडाळत होती. दसरूनं गुणवंतरावांना विचारलं, "बाबूजी, गाठी बी काढतात म्हणे. किती काढा लागते?"

गुणवंतराव सावरून बसले. "पाहा, दसरूभाऊ. पहिले लोकं आकड्याच्या मांगं लागायचे. चाळीस काढा, पन्नास काढा. अडाणीपणा होता थो. चांगली वस्तू कोणी बदलवते का? मी मॅडमले पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतलं, का मॅडम, जे खराब हाये थेच काढा, फालतूले हात लावू नका. एक काढली. फक्त एक. हे डोकं लावा लागते."

दसरू आदरानं ऐकत होता. इंदुताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर खोटं बोलणाऱ्याचं काही नव्हतं. त्याला आता हे खरंच असं घडलं असं वाटत होतं. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग मंगलीकडे सरकून तिच्या कानाशी म्हणाल्या, "यायचं ऐकत नको बसू. आत गेली का मॅडमले इचार. नवऱ्याले इचारू नको देऊ, तूच इचार. थे सांगते."

"माझं मराठी बरोबर नाई, मावशी."

"मॅडमले गोंडी येते."

मंगलीनं बोटाची दोरी सोडली.

आतून इंदुताईंचं नाव पुकारलं. गुणवंतराव सवयीनं फाइल घेऊन उठायला लागले.

"तुमी बसा," इंदुताई फाइल काढून घेत म्हणाल्या. "दसरूभाऊले बाकीचं सांगा."

गुणवंतराव लगेच बसले, दसरूकडे वळले आणि त्यांनी बॉयलरपासून सुरुवात केली. इंदुताई दार ढकलून आत गेल्या.